अण्णांची सही

ज्यांचं आयुष्य मागाच्या खटखटाटात जातं ती माणसं घरीही मोठ्यानं बोलतात. शेडमध्ये दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. ओठ वाचायचे, हातानं खुणा करायच्या, नाहीतर ओरडायचं. माझा हा मित्र फोनवर बोलायला लागला की पलीकडच्या खोलीतून माझी बायको म्हणायची, "इचलकरंजी आली." जानेवारी २०१९ मधल्या त्या दुपारी तो कोल्हापुरात माझ्या घरी आला, सोफ्याच्या कडेवर टेकला आणि इतक्या हळू बोलायला लागला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. काहीतरी फार बिघडलंय हे मला त्या आवाजावरूनच कळलं.

"नादार व्हायचं म्हणतोय," तो म्हणाला. "तू बँकेत होतास. अर्ज कसा करायचा असतोय तेवढं सांग. दुसरं काय नको."

त्याच्या पायाशी कापडाची पिशवी होती, त्यानंच कधीतरी विणलेल्या मांजरपाटाची. ती त्यानं माझ्यासमोर ओतली. बँकेच्या नोटिसा, पतसंस्थेची पत्रं, वकिलांची रजिस्टर पाकिटं, वीजबिलं. निम्म्याहून जास्त पाकिटं फोडलेलीच नव्हती. बँकेतल्या छत्तीस वर्षांत अशी शेकडो पाकिटं मी स्वतः चिकटवून रवाना केली होती. ती ज्या घरी जातात तिथं त्यांचं काय होतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्याला मी पैसे देऊ केले नाहीत, कारण तो ते घेणार नाही हे मला माहीत होतं. का घेणार नाही, हेही माहीत होतं. ते सांगायचं तर मागं जायला हवं.

१९७६ साली मी दहावी झालो त्याच वर्षी वडील गेले. आई धाकट्या भावंडांना घेऊन माहेरच्या गावी गेली आणि मी शिक्षणासाठी इचलकरंजीत राहिलो, ते या मित्राच्या घरी. त्याच्या वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, ही गोष्ट अण्णा स्वतःच्या आजोबांची सांगावी तशी सांगायचे. मित्र दहावीनंतर शाळा सोडून कांडी भरायला बसला. घरात संध्याकाळनंतर दिवा एकच, पण शेडमध्ये ट्यूबलाइट. मी तिथं पोत्यावर बसून अकाउंट्सची गणितं सोडवायचो आणि तो शेजारी कांड्या भरायचा. रात्रपाळीचा चहा आला की अर्धा पेला माझ्याकडं सरकवायचा. पाच वर्षं. बी.कॉम. होईपर्यंत मी त्या घरात जेवलो आणि काकींनी कधी माझं ताट शेवटी वाढलं नाही.

१९८२ मध्ये बँकेत कारकुनाची नोकरी लागली. हातातून रोकड जाणार म्हणून रुजू होताना दोन जामीनदार लागत होते. एक मामा झाले. दुसरा मिळेना. अण्णांना विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण ते कुणाला जामीन राहत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी चुलतभावाच्या कर्जाला अंगठा दिला होता आणि त्यात शिरोळकडचं रान गेलं होतं. एका सकाळी अण्णा धुतलेलं धोतर आणि लग्नातला काळा कोट घालून समोर उभे राहिले. "चल, कुठं सही करायची ती दाखव." कोल्हापूरपर्यंत एस.टी.त ते एक शब्द बोलले नाहीत. रात्रीच्या वर्गात शिकलेली त्यांची सही; एकेक अक्षर सुटं, रेघ शेवटी ओढलेली. सही झाल्यावर त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं आणि म्हणाले, "आता माझं नाव तुझ्या हातात."

आता २०१४. मित्राला चाराचे चोवीस माग झाले होते. बँकेचं कर्ज होतंच, वर पतसंस्थेकडून अडीच लाख उचलायचे होते. त्यानं मला जामीन राहायला सांगितलं. मी म्हणालो, "माझी तयारी आहे रे, पण घरात चालत नाही. ही नको म्हणते."

बायकोला मी विचारलंही नव्हतं.

वसुलीच्या कामावर मी सहा वर्षं काढली होती. कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे मी रोज लोकांना ऐकवत होतो. मला भीती वाटली आणि ती भीती मी बायकोच्या नावावर टाकली. मित्र लगेच म्हणाला, "असू दे, असू दे," आणि विषय बदलला. त्याला जामीन राहिले दोघे: एक त्याच्याच शेडमधला जॉबर, दुसरे जवळच्या शाळेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

त्या पिशवीतलं एक पत्र मामांच्या पगारातून दरमहा ४,२०० रुपये कापायला सुरुवात झाल्याचं होतं. ते पाकीट मात्र त्यानं फोडलेलं होतं, आणि घडीवर घडी पडून ते चिंधीसारखं मऊ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन मी इचलकरंजीला गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, पण "एकटेच आलाय?" एवढंच विचारून आत गेल्या. पुढं चहा ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, "संध्याकाळचं नदीकडं जाऊन बसत्यात. मी धाकट्याला मागनं धाडते." नादारीचा कायदा, हिशेब, सगळं त्या क्षणी दुय्यम झालं. मी मित्राला सरळ विचारलं, जिवाचं काही वाईट डोक्यात येतं का. तो बराच वेळ गप्प बसला आणि "येतंय" म्हणाला. मग आम्ही ठरवलं की संध्याकाळी सहा वाजता रोज मी फोन करायचा, आणि धाकट्यानं मागून नाही, बरोबर जायचं. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडंही नेलं. झोपेशिवाय दोन महिने काढलेला माणूस होता तो.

मग वही उघडली. तो सांगेल ते मी लिहीत गेलो. बँक, ११ लाख ४० हजार. पतसंस्था, ३ लाख २०. सूत व्यापारी, ४ लाख ७५. सायझिंगवाल्याचे १ लाख १०. खासगी सावकार, मुद्दल २ लाख. मेहुण्याचे दीड लाख. सोनेतारण ९० हजार, वीजबिल ७८, भिशी ६०. शेवटचा आकडा त्यानं मान खाली घालून सांगितला: कामगारांचे राहिलेले पगार, ४६ हजार. मी बेरीज केली. २६ लाख ६९ हजार.

"परत कर," तो म्हणाला.

पुन्हा केली. तेवढीच आली. त्याच्या डोक्यात चाळीस लाख होते. दोन वर्षं तो चाळीस लाखांखाली झोपत होता. सव्वीस लाखही त्याच्या ऐपतीबाहेरचेच होते, पण ते वहीच्या एका पानावर मावले. त्या पानाकडं तो बघत राहिला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज थोडा चढला: "ह्यात त्या पार्टीचं येणं धरलं न्हाईस."

हे येणं म्हणजेच सगळ्याचं मूळ. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा हातात रोकड नसल्यानं कामगारांचे पगार अडले. तो धक्का पचतोय तोवर जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांनी उचल थांबवली. एका मोठ्या पार्टीकडं त्याच्या कापडाचे ६ लाख ८० हजार अडकले. दोन चेक आले, दोन्ही परतले. चेक न वटल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, तरच कलम १३८ चा फौजदारी दावा उभा राहतो. पार्टी रोज फोनवर "देतो" म्हणत होती आणि हा विश्वासानं थांबला. तीस दिवस गेले. दिवाणी दावा तेवढा उरला, त्याचा निकाल कधी लागेल कोण जाणे. ज्याचं येणं बुडालं तोच आता बुडवणारा ठरत होता. त्याला ते सहन होत नव्हतं, आणि मला त्यात त्याची काही चूक दिसत नव्हती. विश्वास ठेवणं हा आमच्याकडं धंद्याचाच भाग आहे. ताका आधी जातो, पैसे मागून येतात.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडं आम्ही गेलो. त्यांनी घाई न करता सगळं समजावलं. मुंबईसारख्या शहराला १९०९ चा नादारीचा कायदा, आपल्याला १९२० चा. २०१६ ची नवी संहिता आली, पण त्यातला साध्या माणसांच्या दिवाळखोरीचा भाग लागूच झालेला नाही. १९२० च्या कायद्यात पाचशे रुपये देणं असलेला माणूससुद्धा अर्ज करू शकतो. हा आकडा शंभर वर्षांत कुणी बदललेला नाही. न्यायालयानं नादार ठरवलं की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, ती विकून घेणेकऱ्यांना वाटली जाते आणि पुढं मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तारण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो.

"म्हणजे शेवटी मी मोकळा?" मित्रानं विचारलं.

"तुम्ही मोकळे. जामीनदार नाही. कर्जदाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, असं त्या कायद्यातच लिहिलंय."

तो उठून उभा राहिला. "म्हणजे मामाच्या पगारातनं कापत ऱ्हाणार आणि मी कोर्टाचा कागद घिऊन फिरणार?" वकीलबाई काही बोलल्या नाहीत. "मग न्हाई करायचं," तो म्हणाला. नादारीचा विषय तिथंच मिटला.

मी नादारीला वाईट म्हणत नाही. ज्याच्यापाशी खरंच काही उरलेलं नाही त्याला पुन्हा उभं राहता यावं म्हणूनच तो कायदा आहे, आणि तो वापरणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. पण माझ्या मित्राला ती वाट बंद होती, त्याच्या दोन जामीनदारांमुळं. त्या खुर्चीवर बसून मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो: मामांच्या जागी मी असायला हवा होतो. ४,२०० रुपये माझ्या पगारातून गेले असते तर माझ्या घरात दुधाचा रतीब बंद झाला नसता. मामांच्या घरात झाला होता.

निघताना वकीलबाईंनी वहिनींना धीर यावा म्हणून सांगितलं की जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात तशी तरतूद आहे. वहिनींनी पदर सारखा केला. "मंगळसूत्र दिवाळीलाच गेलं ओ, सोनेतारणात," त्या म्हणाल्या. गळ्यात नुसती काळी पोत होती. शेजारी बसूनही ते मला दिसलं नव्हतं.

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. २०१४ चंही. ती बराच वेळ भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, "म्हणून पुतणीच्या लग्नात वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. पाच वर्षं मी आठवत बसले." मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी काय मागताय? तिथं जाऊन सांगा. मी येते बरोबर."

रविवारी आम्ही दोघं गेलो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून मी मित्राला आणि वहिनींना सांगितलं की तेव्हा हिला मी विचारलंच नव्हतं, भ्यालो होतो तो मी. मित्र म्हणाला, "मला म्हाईत हुतं." कसं, ते त्यानं सांगितलं नाही. वहिनींच्या डोळ्याला पाणी आलं, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला आणि तिला आत नेलं.

पतसंस्थेचे पैसे मी भरणार, हे बायकोनंच जाहीर केलं. माझ्या ग्रॅच्युइटीतून. मित्र ताडकन उठला. मी म्हणालो, "तुला देत नाही. अण्णांनी माझ्यासाठी सही केली होती. माझी राहिली होती ती करतोय." तो ऐकेना. शेवटी वहिनीच आतून म्हणाल्या, "मामांचं कापायचं थांबतंय न्हवं? मग घ्या. आन् फेडा." पतसंस्थेनं दंडव्याज सोडलं, २ लाख ८४ हजारांत खातं मिटलं आणि बेबाकी दाखला मिळाला. तो घेऊन मित्र तसाच शाळेत गेला. मामांच्या पगारातून तेरा महिने कापलेले ५४,६०० रुपये फेडल्याशिवाय मला एक रुपयाही देणार नाही, हे त्यानं मला बजावलं. ते बरोबरच होतं.

सावकाराचा हिशेब वहीत मांडला तेव्हा डोळे उघडले. महिना तीन टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस. जून २०१५ पासून सहा-सहा हजारांचे ४१ हप्ते गेले होते. दोन लाखांच्या मुद्दलावर २ लाख ४६ हजार नुसतं व्याज. व्याज मुद्दलापेक्षा वाढता कामा नये, ही दामदुप्पटीची मर्यादा आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानली गेली आहे, आणि २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. जिल्हा उपनिबंधकांच्या नावचा अर्ज मी पक्का करून ठेवला. तो दाखल करायच्या आधी मित्रानं गल्लीतल्या एका ज्येष्ठ माणसाकरवी एकदा निरोप धाडला. चार दिवसांनी सही केलेले कोरे चेक आणि स्टँप पेपर परत आले. मुद्दलातले साठ हजार देऊन तो विषय संपला. कायद्यानं तेही द्यावे लागले नसते, असं माझं मत होतं. पण "गरजेला धावलावता त्यो," असं मित्र म्हणाला आणि मी गप्प बसलो.

बँकेशी बोलणं सर्वांत लांबलं. ऑगस्टमध्ये महापूर आला, महिनाभर गाव ठप्प. मग मार्च २०२० ची टाळेबंदी. हप्ते थांबवायची सवलत मिळाली, व्याज मात्र चालूच. अखेर त्या वर्षाच्या शेवटी एकरकमी परतफेडीत ८ लाख ७५ हजारांवर ठरलं. बँकेच्या परवानगीनं सोळा माग भंगारात गेले, किलोवर, एकेकाचे साधारण सव्वीस हजार आले. गावाकडचं वाटणीचं दहा गुंठे रान पाच लाखांना गेलं. अण्णांच्या पहिल्या चार मागांपैकी दोन त्या सोळांत होते. टेंपोत चढवताना मित्र शेडच्या आत थांबला, बाहेर आलाच नाही. बँकेचं भागून ४१ हजार उरले ते त्यानं त्याच संध्याकाळी कामगारांना वाटले.

उरलेल्या आठ मागांवर तो आता खर्चीवाला आहे. सूत व्यापाऱ्याचंच बीम घेऊन मजुरीनं विणून देतो आणि त्या मजुरीतून जुनं देणं वळतं होतं. मालकाचा खर्चीवाला होणं ही आमच्या गावात घसरण मानतात. त्यानं ती कुरकुर न करता स्वीकारली. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झालाय.

माझे पैसे तो जानेवारी २०२१ पासून फेडतोय. पहिल्यांदा पाकीट घेऊन आला तेव्हा मी हात मागं घेतला होता. बायको म्हणाली, "घ्या ते. न घेऊन तुम्ही त्याला काय ठरवताय?" तेव्हापासून मी घेतो आणि त्याच वहीत मांडतो. कधी तीन हजार, कधी चार, कधी दीड. आजवर १ लाख ४८ हजार आले, १ लाख ३६ राहिले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघं एस.टी.नं येतात. वहिनी आणि बायको आत कांदा-लसूण चटणीच्या मसाल्यावरून वाद घालतात, आम्ही बाहेर चहा पितो.

परवा आला तेव्हा म्हणाला, कांडी मशीनचा पट्टा बदलायचाय, पुढच्या महिन्यात हजारच देईन. मी वहीत तसं लिहून ठेवलंय.